दाब कमी केला की साबण चढतो : प्रेशर वॉशरचा घरचा इंजेक्टर

पोळ्याच्या आदल्या दिवशी वाड्यात बैलांची खांदशेकणी चालू होती आणि पलीकडे पुतण्या ट्रॅक्टर धूत होता. आता पोळ्याला ट्रॅक्टरलाही गंधफूल लागतं, म्हणजे त्याचीही आंघोळ आलीच. श्रावणभर संत्र्याच्या बगीच्यात फिरलेला ट्रॅक्टर. काळी माती नुसत्या पाण्याच्या धारेनं सुटते, पण ग्रीस आणि ऑइलवर बसलेली माती सुटत नाही. तिथं साबणच लागतो. मग साबण धारेतूनच यावा म्हणून पुतण्यानं ठिबकच्या हेडवरचा जुना व्हेंच्युरी काढून आणला, लोखंडी बुशिंगं जोडत जोडत प्रेशर वॉशरच्या, म्हणजे जोराच्या धारेनं धुवायच्या मशीनच्या, पाईपमध्ये बसवला आणि त्याची नळी साबणाच्या डब्यात सोडली. "काका, हे खत ओढते, मंग साबण काहून नाई ओढणार?"

साबण ओढला नाही. डब्यातली पातळी बोटभरही उतरली नाही. काय झालं ते बघायला त्यानं गनचा ट्रिगर सोडला आणि फटाक् करून व्हेंच्युरी उभा चिरला. पाणी टिनापर्यंत उडालं, बैलानं दावं ताणलं. कोणाला लागलं नाही, एवढं बरं.

पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. ठिबकमधून खत देणारा व्हेंच्युरी आणि वॉशिंग सेंटरवर साबण ओढणारा इंजेक्टर ही एकच वस्तू आहे. फरक आकड्यांचा आहे. आणि चिरल्यामुळे एक फायदा झाला : एरवी जे आत दडलेलं असतं ते उघडं हातात आलं.

दोन्ही तोंडं रुंद, मधे गळा. पाणी येतं त्या बाजूचा उतार जरा तीव्र, जातं त्या बाजूचा लांब आणि सावकाश. गळ्यालाच आडवं एक भोक, त्यावर नळी चढवायचा निप्पल. चालणारा भाग एकही नाही. गळ्यात ड्रिलची बिटं घालून पाहिली, 5 मिलिमीटरची बरोबर बसली. हा 5 आकडा लक्षात ठेवा, सगळी गोम त्यातच आहे.

मिनिटाला 8 लिटर पाणी पाईपात शिरत असेल, तर गळ्यातूनही 8 लिटरच जायला हवं. मधे साठायला जागा नाही. जागा अरुंद म्हणजे पाण्याला पळणं भाग. नाल्याचं पाणी रस्त्याखालच्या मोरीत शिरताना कसं धावतं, तसंच. आता पळायचं तर मागून कोणीतरी ढकललं पाहिजे, म्हणजे मागचा दाब पुढच्यापेक्षा जास्त हवा. उलटं म्हणा : जिथं पाणी जोरात पळतं तिथं दाब पडलेला असतो. डॅनियल बर्नुलीनं हे 1738 मध्ये पुस्तकात मांडलं, आणि अशा अरुंद गळ्यातून जाणाऱ्या पाण्यावरचं आपलं काम जिओव्हानी व्हेंच्युरी या इटालियन शास्त्रज्ञानं 1797 मध्ये छापलं. गळ्याला नाव त्याचं चिकटलं.

बऱ्याच जणांना वाटतं गळा साबण ओढतो. तसं नाही. डब्यातल्या साबणावर बाहेरची हवा कायम बसलेली असते, दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलोच्या भारानं. गळ्यातला दाब त्याच्याही खाली गेला की ही हवाच साबणाला नळीतून वर ढकलते. गळ्यातला दाब हवेपेक्षा जास्त असेल तर साबण वर येणार नाहीच, उलट पाणी डब्यात उतरेल. विहिरीवरची सेंट्रिफ्युगल मोटर सात-आठ मीटरच्या खालचं पाणी का उचलत नाही, त्याचंही कारण हेच : हवेची ढकलायची ताकद तेवढीच.

आता आकडे. पाणी सेकंदाला 10 मीटर वेगानं पळालं तर त्या जागी दाब साधारण अर्धा बार पडतो. (बार म्हणजे आपण ज्याला किलो म्हणतो जवळपास तेच.) वेग दुप्पट, 20 मीटर केला तर दुप्पट नाही, चौपट, म्हणजे 2 बार. 40 मीटरला 8 बार. आमच्या बगीच्यात ठिबकच्या बायपासमधून त्या व्हेंच्युरीत तासाला दीड हजार लिटरच्या आसपास पाणी जायचं. 5 मिलिमीटरच्या गळ्यातून ते सेकंदाला 21 मीटरनं पळतं, 2 बारच्या वर दाब पडतो, खत चढतं. घरचा वॉशर मिनिटाला 8 लिटर देतो, तासाला 480. त्याच गळ्यात वेग 7 मीटरवर येतो आणि दाब जेमतेम पाव बार पडतो. म्हणून साबण चढला नाही. तेच 8 लिटर 2 मिलिमीटरच्या गळ्यातून घाला : वेग 42 मीटर, दाब 9 बारनं खाली. बोटभर जाडीच्या वस्तूत तीन मिलिमीटरचा फरक, आणि काम होणं न होणं त्यावर.

आता दुसरा पेच. वॉशरच्या पाईपात 100 बार दाब असतो. गळ्यात 9 बार पडले तरी उरले 91. हवेचा 1 बार त्याच्यापुढे काय करणार? मग वॉशिंग सेंटरवरचे इंजेक्टर चालतात कसे?

चालतात ते नोझल बदलल्यामुळे. वॉशरचा दाब पंप एकटा बनवत नाही. पंप ठरावीक पाणी ढकलत राहतो, दाब बनतो तो समोरच्या बारीक भोकानं अडवल्यामुळे. नोझलचे रंग तुम्ही पाहिले असतील : लाल म्हणजे शून्य अंशाची सुईसारखी धार, पिवळी 15 अंश, हिरवी 25, पांढरी 40. आणि एक काळी, 65 अंशाची, भोक मोठं. तीच साबणाची. काळी लावली की अडवणूकच राहत नाही, पाईपातला दाब 100 वरून दोन-चार बारवर येतो. पाणी तेवढंच वाहतं, गळ्यातला वेग तोच राहतो, दाब तेवढाच पडायला बघतो. आता मात्र तो हवेच्या दाबाखाली जातो आणि साबण सुरू. धुवायचं झालं की हिरवी लावा, साबण आपोआप बंद. कॉक फिरवायला मशीनपाशी जायला नको.

"साबण ओढूनच नाई राह्यला भाऊ" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांतले निम्मे हिरव्या नोझलनं साबण मारत असतात. दाब जास्त तर साबण जास्त, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

फोम गनचं मात्र वेगळं. बाटली लावलेली ती गन पूर्ण दाबावर चालते. कारण तिचा गळा पार शेवटी आहे, त्याच्यापुढं अडवणारं नोझल नाही, लगेच जाळी आणि मोकळी हवा. नियम तोच, जागा वेगळी. दुचाकी आणि कारपुरतं काम असेल तर पाईपात इंजेक्टर बसवायच्या फंदात पडूच नका, फोम गन घ्या. मोठा गोठा, कुक्कुटपालनाचं शेड, ट्रॉली, थ्रेशर असं काम असेल तर बाटली भरून भरून जीव जातो, तिथं इंजेक्टर हवा.

तो बसवायचा कुठं? एक मार्ग पंपाच्या आधी : ड्रमातून येणाऱ्या सक्शनच्या पाईपला टी जोडायचा, बारीक कॉकमधून साबण आत घ्यायचा. फवारणीच्या एचटीपी पंपावर हे सर्रास करतात आणि साध्या साबणाला ते चालूनही जातं. पण त्यात साबण, सोडा, जे काही घालाल ते सगळं पंपाच्या सिलिंडरमधून, सिलांमधून, व्हॉल्व्हमधून जातं. डबा रिकामा झाला तर पंप हवा खातो, खडखडतो, आणि असा चार-दोन वेळा खडखडला की दुरुस्तीवाल्याकडे जातो. मला हा मार्ग आवडत नाही. ब्लीचसाठी तर नाहीच नाही.

दुसरा मार्ग पंपाच्या नंतर, आपण वर पाहिला तो. पंपाला साबण शिवत नाही. पण ही दाबाची बाजू आहे आणि पुतण्याचा व्हेंच्युरी फुटला तो इथंच. ट्रिगर दाबलेला असतो तोवर दाब नोझलवर ठरतो. सोडला की पाण्याला वाटच नाही, बंद पाईपात पंपाचा पूर्ण दाब चढतो. ठिबकचा व्हेंच्युरी प्लॅस्टिकचा, काही किलो दाबासाठी बनवलेला. म्हणून काळ्या नोझलनं मारत असाल आणि दाब कमी दिसत असला तरी या बाजूला पीव्हीसी, ठिबकचं सामान, गार्डन पाईपचे कपलर यांतलं काहीही चालत नाही. पितळी किंवा स्टीलचा, मशीनच्या पूर्ण दाबासाठी बनवलेला इंजेक्टर विकत घ्या. घरी बनवायचं ते बाकीचं.

लेथवर पितळेचा गळा काढून घेता येईल का, असं पुतण्यानं विचारलंच. खरादी भोक 2 मिलिमीटरचं पाडून देईलही, पण पुढचा लांब उतार हवा, 7 ते 15 अंशाच्या कोनातला. तो नसेल तर पाणी भिंत सोडून भोवरे घेतं, पडलेला दाब परत सावरत नाही, ओढ बरीच कमी होते. शिवाय आत गोळी आणि स्प्रिंग लागते, पाणी उलटं डब्यात जाऊ नये म्हणून. शंभर बारच्या वस्तूवर हौस करू नये. या दाबाची धार बोटावर अगदी जवळून लागली तर कातडीत शिरते. वरून सुईएवढं टोचलेलं दिसतं, आत मात्र पाणी आणि साबण मांसात पसरलेला असतो. अशा वेळी हळद लावून बसायचं नाही, तडक शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठायचा.

इंजेक्टर घेताना दुकानदाराला गळ्याचं माप विचारा. मिनिटाला 6 लिटरच्या मशीनला 2.1 मिलिमीटरचा गळा दिला तर दाब 4 बारच पडतो, 1.8 चा दिला तर साडेसातच्या वर. बसवायचा मशीनच्या तोंडाशी, मोठ्या पंपावर अनलोडरच्या (ट्रिगर सोडल्यावर पाणी परत पंपाकडे फिरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पुढे. अनलोडरच्या मागे बसला तर ट्रिगर सोडल्यावर फिरून येणारं पाणी साबण घेऊन पंपात जातं. पाईप 30 मीटर लांब आणि बारीक असेल तर त्याचाच अडथळा होतो आणि काळी नोझल लावूनही ओढत नाही. मग तो दोन पाईपांच्या जोडावर, गनच्या जवळ सरकवायचा.

सक्शनच्या नळीला गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी उत्तम, आत बुडबुडे दिसतात. बुडबुडा दिसला म्हणजे जोडातून हवा घुसते आहे, क्लिप आवळा. खालच्या टोकाला जाळी, आणि जाळी डब्याच्या तळाला टेकू देऊ नका, तळाशी गाळ असतो. नळीला खिळा किंवा नट बांधला की ती तरंगत नाही. साबण कमी ओढवायचा असेल तर मधे ठिबकची मायक्रो ट्यूब घाला. बारीक आणि लांब केली की ओढ कमी. वीतभर कापून बघायचं, परत मोजायचं.

मोजल्याशिवाय पुढं जाऊ नका. 20 लिटरची बादली घ्या, काळी नोझल लावून भरायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर पाहा. आमची अडीच मिनिटांत भरली, म्हणजे मिनिटाला 8 लिटर. आता लिटरच्या बाटलीत साधं पाणी भरून नळी त्यात सोडा आणि एक मिनिट चालवा. अर्धा लिटर कमी झालं. म्हणजे पंपाच्या 8 लिटरात बाटलीतलं अर्धा मिसळतं, ढोबळमानानं सोळातला एक भाग. यावरून सगळा हिशोब निघतो. गोठ्याच्या फरशीवर साबण 1 टक्का पडायला हवा, तर बाटलीत त्याच्या सोळा पट, 16 टक्के. लिटरभर घोळात 160 मिलिलिटर साबण, बाकी पाणी. लोक साबण तसाच, पाणी न घालता डब्यात घेतात, सहा टक्क्यांनी फवारतात, आणि फेस जात नाही म्हणून अर्धा तास पाणी मारत बसतात.

ही मापं सकाळी घेतली आणि संध्याकाळी चुकली, असंही होतं. आपल्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं. घरगुती मशीनची मोटर सुस्तावते, पाणी कमी येतं. पाणी 20 टक्क्यांनी कमी झालं तर गळ्यातला दाबाचा फरक 36 टक्क्यांनी घटतो, कारण हिशोब वर्गाचा आहे. मशीन बिघडलेलं नसतं.

आता डब्यात काय घालायचं. साबण आणि धुण्याचा सोडा यांचं फार काही नाही. सोडा ॲल्युमिनियम काळवंडतो, ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर मारू नका, एवढंच. खरी काळजी ब्लीचची, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटची. कोंबड्यांची बॅच गेल्यावर शेड निर्जंतुक करायला ते स्वस्त आणि कामाचं आहे. 5 टक्क्यांचं ब्लीच वरच्या मापानं ओढलं तर भिंतीवर 0.3 टक्के पडतं. पण शेडमध्ये कोंबड्यांच्या विष्ठेचा आणि गोठ्यात मुताचा अमोनिया असतो. तुम्हाला तो वास माहीतच आहे, सकाळी दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबतो तो. ब्लीच त्यात मिसळलं की क्लोरामाइनचा वायू होतो आणि छातीत जळजळ सुरू होते. म्हणून आधी लिटर, म्हणजे खालचा भुसा-विष्ठेचा थर, खरवडून बाहेर, मग भरपूर साधं पाणी, दारं-पडदे उघडे, आणि मग ब्लीच. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एका डब्यात तर सोडाच, एकाच दिवशी एकाच नळीतूनही नको. त्यातून क्लोरीन निघतो, आणि तो बंद खोलीत माणूस आडवा करतो.

ब्लीच पितळ खातं, स्टीललाही बारीक खड्डे पाडतं, आणि साधी काळी नायट्राइल रबराची ओ-रिंग (जोडातली गोल सील) त्यात टिकत नाही. दुकानात ईपीडीएम रबराची ओ-रिंग मागा. पण ईपीडीएम ऑइल-डिझेलमध्ये फुगतं, तेव्हा इंजिन धुवायचा डिझेलचा घोळ त्याच इंजेक्टरमधून ओढू नका. आणि आपल्या उन्हाळ्यात ब्लीच टिकत नाही. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली 45 अंशात ठेवलेल्या कॅनचा जोर झपाट्यानं उतरतो. लेबलवर 5 टक्के लिहिलेलं असलं तरी आत तेवढं उरलेलं नसतं. लागेल तेवढंच आणा, सावलीत ठेवा. साबणही भर दुपारी मारू नका, तापलेल्या टिनावर तो पाणी पडायच्या आतच वाळतो आणि पांढरे ओघळ चिकटून बसतात.

फवारणीचा ड्रम यासाठी वापरायचा नाही. धुऊन घेतला तरी नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेनं विसावर शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. ज्या प्लॅस्टिकनं वर्षभर औषध प्यायलं, त्यातलं पाणी दुभत्या म्हशीच्या गव्हाणीवर मारायचं? आमच्याकडं धुण्याच्या डब्याला निळा पट्टा मारला आहे आणि तो औषधांच्या खोलीत ठेवतच नाही.

आणि विहीर. वॉशर थेट विहिरीच्या किंवा बोअरच्या लाईनला जोडला आणि मधेच लाईट गेली, तर पाईपातलं पाणी मागं घसरतं आणि सोबत डब्यातलंही ओढून नेऊ शकतं. इंजेक्टरमधल्या गोळीवर भरवसा ठेवू नका, वाळलेल्या साबणाचा एक कण अडकला तरी ती नीट बसत नाही. त्यावर एकच खात्रीचा उपाय आहे आणि तो फुकट आहे : मधे ड्रम ठेवा. लाईनचं तोंड ड्रमातल्या पाण्यापासून वीतभर वर राहील असं बांधा आणि मशीनला पाणी ड्रमातून द्या. हवेचं ते वीतभर अंतर ओलांडून साबण विहिरीत जाऊ शकत नाही. ठिबकवर खत सोडणाऱ्यांनीही बायपासच्या मागे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागं येऊ न देणारा) आहे ना, एकदा पाहावं. अनेक बगीच्यांत तो नसतो आणि त्याच विहिरीचं पाणी घरी पितात.

पुतण्याकडे आता पितळी इंजेक्टर आहे, 1.8 चा. दोन महिने छान चालला, मग ओढ हळूहळू कमी झाली. त्याला वाटलं स्प्रिंग गेली. खोलून उजेडात धरला तर गळ्याच्या कडेला पांढरा थर, नखानं न निघणारा. पाण्यातले क्षार. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, आणि पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात तर याहून वाईट. तिथं साध्या साबणाचा फेस होत नाही, दह्यासारखे कण होतात आणि तेच जाळीत बसतात. तिकडच्यांनी साबणाऐवजी डिटर्जंट घ्यावा. थर काढायला तार घालू नका, गळा ओरबाडला की माप गेलं. कोमट पाण्यात किराणा दुकानातलं लिंबूसत्व विरघळवून त्यात रात्रभर बुडवून ठेवा. हे पण ॲसिडच आहे, तेव्हा त्याआधी ब्लीच ओढलं असेल तर दोन-तीन मिनिटं साधं पाणी ओढवून घ्या. सकाळी पुतण्यानं इंजेक्टर पुसला, बसवला, लिटरची बाटली लावली आणि मोबाईलवर एक मिनिट मोजलं. 480 मिलिलिटर.